सत्त्याहत्तर अंश

तेवीस डिसेंबर, दुपारच्या बसने बाबा ईसाल्मीला आले.
कोटाच्या आतल्या खिशात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला
मांसाचा थर्मामीटर.
फोनवर मी दोनदा सांगितलं होतं, यंदा डुकराची मांडी नाही.
ते दोनदा "हं" म्हणाले होते.

केर्त्तु अकरा वर्षांची. ऑक्टोबरात एका संध्याकाळी
तिने ताटातलं सॉसेज कडेला सारलं
आणि गणिताचे मार्क सांगावेत तसं सांगितलं,
मी आता प्राणी खाणार नाही.
चिडली नाही, रडली नाही. पाणी प्यायली.

तर ओट्यावर होता लान्तू :
नवलकोलाचा थोराड चुलतभाऊ,
साडेतीन किलोंचा, मातीने माखलेला, मानेपाशी जांभळा.
बाबांनी उचलून पाहिला,
नवरदेवाऐवजी त्याचा काकाच घोड्यावर दिसला
तर वऱ्हाडी बघतील, तसा.

त्या रात्री आमच्याकडे कुणीतरी जागतं.
मांडी ओव्हनमध्ये, मंद आचेवर, पहाटेपर्यंत;
घर झोपतं, वास जिना चढून वर येतो,
खाली बाबा स्टुलावर, लोकरी मोजे, कॉफी,
काचेतून काटा बघत.
सत्त्याहत्तरला काढायची. ऐंशी म्हणजे लाकूड.
हे आकडे मला पाढ्यांच्या आधी पाठ होते.
दर तासाला आई वरून विचारायची, किती झालं?
आणि ते आकडा सांगायचे.
त्यांच्यातलं याहून लांब बोलणं
मला आठवत नाही.

लान्तूला कसले अंश!
सुरी सहज आत गेली की शिजला.
म्हटलं, बाबा, झोपा.
म्हणाले, कुणीतरी बसायला हवं.
आणि थर्मामीटर खुपसला, हाडापासून दोन बोटं दूर,
हाड नसतानाही.

वास आला, पण निराळा,
ओल्या मातीत साखर सांडल्यासारखा.
ट्रेमध्ये काहीच ठिबकलं नाही.
रस्सा कशाचा करायचा, हे मी
सप्टेंबरात जंगलातून आणून वाळवलेल्या अळंब्यांवर सोपवलं होतं
आणि तो फसला, पिठाच्या गुठळ्या झाल्या,
ते असो.

तीनला जाग आली. खाली दिवा.
जिन्यात केर्त्तु, गुडघ्यांवर हनुवटी.
हळूच म्हणाली,
किती झालं?

बाबांनी वळून पाहिलं नाही.
थोडा वेळ नुसती ओव्हनची घरघर.
मग : एकसष्ट.
मग : जा, झोप. चारला ये.

सकाळी साल काढली, मोहरी फासली, वर पावाचा चुरा.
लवंगा केर्त्तुने टोचल्या, तिरक्या रांगांत.
एक रांग भरकटली.
आमच्या वेळी बाबा ती उपसून पुन्हा लावत.
आता चष्मा पुसत बसले.

दुपारी तीनलाच काळोख. दफनभूमीत
बर्फ उकरून मेणबत्ती ठेवली.
सगळ्या टेकडीवर तसल्याच, शेकडो.
बाबा आईच्या दगडाशी वाकले.
यंदा हाड नाही, लेम्पी, म्हणाले.
कुत्र्याला काय द्यायचं, बघू.

रात्री सुरी त्यांनीच धरली.
सॉनातून आलेले आम्ही, ओल्या केसांचे, गप्प.
पातळ काप, मांडीचे करतात तसेच,
कडेने आत, मनगट न हलवता.
आतून पिवळा, थोडा केशरी, वाफाळता.
त्यांनी चावलं. गिळलं.
मोहरीची बाटली जवळ ओढली.

"मीठ कमी आहे."

एकेचाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकतेय.
केर्त्तुने मिठाची वाटी सरकवली.
बाबांनी दुसरा काप घेतला
आणि खिडकीबाहेरच्या पाऱ्याकडे बघत म्हणाले,
उणे एकवीस.
कुणी विचारलं नव्हतं.